क्रूझची सफर आणि प्रकृतीची काळजी

जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतील न्यूजर्सीहून कॅरिबियन बेटांकडे निघालेले 'एक्स्प्लोरर ऑफ द सीज' हे आलिशान जहाज ठरलेल्या तारखेच्या आधीच माघारी फिरले. समुद्रात वादळ नव्हते, यंत्रातही बिघाड नव्हता. जहाजावरील सुमारे तीन हजार प्रवाशांपैकी सहाशेहून अधिक जणांना उलट्या आणि जुलाबांनी गाठले होते. पोहण्याचे तलाव, नाट्यगृह, रात्री उशिरापर्यंत चालणारे भोजनकक्ष असा सारा थाट बाजूला राहिला आणि शेकडो कुटुंबांची सुटी केबिनच्या चार भिंतींत, स्वच्छतागृहाच्या दाराशी संपली.

अशा बातम्या वाचून क्रूझ म्हणजे रोगराईचे आगर, असा ग्रह होणे स्वाभाविक आहे. तो पूर्णपणे खरा नाही. ज्या विषाणूमुळे हे प्रकार घडतात, त्याच्या अमेरिकेत नोंदल्या जाणाऱ्या साथींपैकी जेमतेम एक टक्का साथी जहाजांवरच्या असतात. बाकीच्या वृद्धाश्रमांत, रुग्णालयांत, शाळांत आणि उपाहारगृहांत होतात. फरक इतकाच, की लग्नाच्या पंगतीत जेवलेली माणसे दुसऱ्या दिवशी आपापल्या गावी पांगतात आणि कोणाला काय झाले याचा हिशेब कोणीच ठेवत नाही. जहाजावर मात्र तीच माणसे आठवडाभर एकाच छताखाली असतात, प्रत्येक रुग्णाची नोंद होते आणि ती जाहीरही केली जाते. तरीही धोका नाही असे नव्हे. मुंबईहून गोवा, कोची, लक्षद्वीपकडे जाणाऱ्या सफरी आता मध्यमवर्गाच्या आवाक्यात आल्या आहेत. सिंगापूर, भूमध्य समुद्र किंवा अलास्काच्या सफरींवर निवृत्त दांपत्ये आणि तीन पिढ्यांची कुटुंबे निघू लागली आहेत. सफरीचे पैसे भरताना जितकी चौकशी होते, तितकी प्रकृतीबाबत सहसा होत नाही.

गॅस्ट्रोचा विषाणू

जहाजावरच्या गॅस्ट्रोला बहुतेक वेळा 'नोरोव्हायरस' कारणीभूत असतो. १९६८ साली अमेरिकेच्या ओहायो राज्यातील नॉरवॉक गावच्या एका शाळेत उलट्यांची साथ आली. तिच्या नमुन्यांतून १९७२ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली हा विषाणू ओळखला गेला आणि गावाचे नाव त्याला कायमचे चिकटले. लागण झाल्यापासून साधारण बारा ते अठ्ठेचाळीस तासांत मळमळ, अचानक उसळून येणारी उलटी, पाण्यासारखे जुलाब, पोटात पेटके, अंगदुखी आणि कधी हलका ताप अशी लक्षणे दिसतात. निरोगी माणूस एक ते तीन दिवसांत बरा होतो. लहान मुले, वृद्ध आणि मूत्रपिंडाचे किंवा हृदयाचे जुने दुखणे असलेले रुग्ण यांच्या बाबतीत मात्र शरीरातील पाणी कमी होऊन प्रकरण गंभीर होऊ शकते. या विषाणूवर औषध नाही आणि आजमितीस बाजारात लसही नाही. विषाणूवर प्रतिजैविकांचा काहीच परिणाम होत नसल्याने घरून आणलेली अँटिबायोटिकची पट्टी अशा वेळी उघडण्यात अर्थ नसतो.

या विषाणूचे सामर्थ्य त्याच्या चिवटपणात आहे. त्याचे अगदी मोजके कण पोटात गेले तरी आजार होतो आणि रुग्णाच्या विष्ठेतून किंवा उलटीतून बाहेर पडणाऱ्या कणांची संख्या अब्जावधींच्या घरात असते. जिन्याचा कठडा, लिफ्टचे बटण, बुफेतील डाव, खुर्चीचा हात अशा पृष्ठभागांवर तो कित्येक दिवस टिकून राहतो. एखाद्याला भोजनकक्षातच उलटी झाली, तर हवेत उडणाऱ्या सूक्ष्म तुषारांमुळे जवळच्यांनाही लागण होऊ शकते. बरा झालेला रुग्णही दोन आठवडे किंवा त्याहून अधिक काळ विष्ठेतून विषाणू बाहेर टाकत असतो, ही गोष्ट फारशी कोणाला ठाऊक नसते. २००२ सालच्या हिवाळ्यात 'अ‍ॅमस्टरडॅम' या जहाजावर एकापाठोपाठ एक अशा चार सफरींत साथ उद्भवली. प्रत्येक वेळी सफाई होऊन नवे प्रवासी चढत होते आणि आजारी पडत होते. अखेर ते जहाज सुमारे दहा दिवस सेवेतून काढून घेऊन संपूर्ण निर्जंतुक करावे लागले.

करोनाच्या काळात अंगवळणी पडलेली सॅनिटायझरची बाटली इथे फारशी कामाला येत नाही. अल्कोहोलयुक्त द्रव करोनाच्या विषाणूचे स्निग्ध आवरण मोडतो. नोरोव्हायरसला तसे आवरणच नसते. त्यामुळे भोजनकक्षाच्या दाराशी उभा असलेला कर्मचारी हसतमुखाने सॅनिटायझरची फवारणी करीत असला, तरी ती साबण आणि वाहत्या पाण्याची जागा घेऊ शकत नाही. निदान वीस सेकंद, बोटांच्या बेचक्यांतून, नखांच्या आतून हात चोळून धुणे हाच खरा उपाय आहे. पृष्ठभागांसाठी क्लोरीनयुक्त ब्लीचचे पुरेसे तीव्र द्रावण लागते आणि ते काम जहाजाच्या कर्मचाऱ्यांचे. हाताने जेवण्याची आपली पद्धत यात अडचणीची ठरत नाही. जेवणाच्या आधी हात धुण्याची सवय उलट आपल्या घराघरांतील आहे. घोटाळा होतो तो बुफेत. हात धुऊन आलेला माणूस शंभर जणांनी हाताळलेला डाव उचलतो, ताट वाढून घेतो आणि त्याच हाताने पोळीचा तुकडा मोडतो. म्हणून वाढून घेऊन मेजावर बसल्यावर, घास घेण्यापूर्वी पुन्हा एकदा हात धुणे शहाणपणाचे. जहाजावर साथीचा संशय आला की बुफेतील स्वयंसेवा बंद करून कर्मचारी वाढू लागतात. असा बदल दिसला तर त्याचा अर्थ ओळखावा आणि रांग लागली म्हणून कुरकुर करू नये.

सार्वजनिक स्वच्छतागृहांविषयी एक अभ्यास डोळे उघडणारा आहे. २००९ साली प्रसिद्ध झालेल्या या पाहणीत ५६ क्रूझ जहाजांवरील स्वच्छतागृहांत कड्या, नळ, फ्लशची बटणे, बाळांचे कपडे बदलण्याच्या फळ्या अशा वस्तूंवर डोळ्यांना न दिसणारी खूण केली गेली आणि ती पुसली जाते का, हे तपासले गेले. रोज नीट पुसल्या गेलेल्या वस्तूंचे प्रमाण फक्त ३७ टक्के निघाले. तेही सरकारी तपासणीत उत्तम गुण मिळवणाऱ्या जहाजांवर. तेव्हा शक्य तोवर स्वतःच्या केबिनमधील स्वच्छतागृह वापरावे. बाहेरचे वापरावे लागलेच, तर हात पुसलेल्या कागदानेच दाराची कडी धरावी. यात काही सोवळेपणा नाही.

तपासणी कोण करते?

अमेरिकेच्या 'सीडीसी' या आरोग्य संस्थेने १९७० च्या दशकात जहाजांच्या स्वच्छतेसाठी एक कार्यक्रम सुरू केला. परदेशी बंदरांना जाऊन अमेरिकी बंदरात येणाऱ्या प्रवासी जहाजांची त्यात अचानक तपासणी होते. शंभरपैकी ८६ किंवा अधिक गुण मिळाले तर जहाज उत्तीर्ण. गरम अन्न ५७ अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली आहे का, पिण्याच्या पाण्यात नळाच्या शेवटच्या टोकापर्यंत क्लोरीनची मात्रा टिकते का, भांडी घासण्याच्या यंत्राचे तापमान किती, आजारी स्वयंपाक्याला कामावर ठेवले होते का, अशा बाबी पाहिल्या जातात. ३ टक्के किंवा अधिक प्रवासी वा कर्मचारी पोटाच्या आजाराची तक्रार करतात, तेव्हा त्या जहाजाचे नाव संस्थेच्या संकेतस्थळावर झळकते. कोणत्या जहाजाला किती गुण मिळाले, हेही तिथे पाहता येते आणि तिकिटाचे पैसे भरण्यापूर्वी ते पाहण्यास पाच मिनिटेही लागत नाहीत.

मात्र सिंगापूरहून किंवा मुंबईहून सुटून त्याच भागात फिरणाऱ्या जहाजाला हा कार्यक्रम लागू नाही. आंतरराष्ट्रीय सफरी करणाऱ्या जहाजांना २००७ पासून अमलात आलेल्या आंतरराष्ट्रीय आरोग्य नियमांनुसार स्वच्छता प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते जास्तीत जास्त सहा महिने वैध असते. पूर्वी हे प्रमाणपत्र प्रामुख्याने उंदीर नसल्याबद्दलचे असे. प्लेगची दहशत त्यामागे होती. गुणांची जाहीर यादी मात्र या व्यवस्थेत प्रवाशाच्या हाती पडत नाही.

आजार लपवू नये

केबिनमध्ये उलटी झाली की पहिला विचार येतो तो लपवण्याचा. डॉक्टरला सांगितले तर केबिनमध्ये कोंडून ठेवतील, उद्याची बंदरावरची सहल बुडेल, शिवाय डॉक्टरचे बिल डॉलरमध्ये! हा विचार समजण्याजोगा असला तरी महागात पडणारा आहे. लक्षणे थांबल्यावर साधारण २४ तास प्रवाशाने केबिनमध्ये राहावे, अशी अपेक्षा असते. अन्न हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यासाठी हीच मुदत ४८ तासांची असते. या काळात जेवण दाराशी येते, केबिनची खास सफाई होते आणि बरोबरच्या आजी-आजोबांचा बचाव होण्याची शक्यता वाढते. आजार लपवून बुफेत जाणारा माणूस मात्र शेकडोंना धोक्यात घालतो. चढण्याच्या दिवशी प्रकृतीचा प्रश्न विचारणारा अर्ज भरून घेतला जातो. आदल्या दिवशी घरात कोणाला जुलाब झाले असतील तर त्यात खरे लिहावे. अनेक कंपन्या अशा वेळी पर्यायी तारीख किंवा परतावा देतात. नियम आधी वाचून ठेवलेले बरे.

उपचाराचा मुख्य भाग पाणी आणि क्षार भरून काढण्याचा आहे. यातले सर्वात स्वस्त शस्त्र भारताच्याच परिसरात सिद्ध झाले. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव येथील छावणीत कॉलरा पसरला, सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज यांचे द्रावण तोंडाने देऊन असंख्य जीव वाचवले. आज तेच ओआरएस कोणत्याही औषधाच्या दुकानात काही रुपयांना मिळते. माणशी पाच-सहा पुड्या सामानात असाव्यात. पुडीवर लिहिलेल्या मापाइतक्याच पाण्यात (मोठी पुडी असल्यास एक लिटर) ती विरघळवावी आणि घोट-घोट घ्यावी. बाटलीतली गोड पेये हा त्याला पर्याय नव्हे. जादा साखरेने जुलाब वाढतात. लघवी फार कमी होणे, ग्लानी येणे, जुलाबातून रक्त पडणे, जास्त ताप राहणे किंवा पोटात पाण्याचा घोटही न टिकणे ही लक्षणे दिसताच जहाजावरील दवाखाना गाठावा.

श्वासावाटे येणारे आजार

पोटाचे आजार गाजतात, पण फ्लू, करोना आणि साधी सर्दी जहाजावर कमी नसतात. मिटलेल्या नाट्यगृहातील गर्दी, निरनिराळ्या देशांतून आलेली माणसे आणि वयस्करांचे मोठे प्रमाण यांमुळे फ्लूचा प्रसार वेगाने होतो.

फेब्रुवारी २०२० मधील 'डायमंड प्रिन्सेस'चे उदाहरण अजून विस्मरणात गेलेले नाही. हाँगकाँगला उतरलेल्या एका प्रवाशाला करोना असल्याचे उघड झाल्यावर ३,७११ जणांना घेऊन आलेले हे जहाज जपानच्या योकोहामा बंदरात अडवून ठेवण्यात आले. एकूण ७१२ जणांना लागण झाली. जहाजावर १३८ भारतीय होते आणि त्यांतले सहा प्रवासी सोडता बाकी सारे कर्मचारी होते. प्रवासी आपापल्या केबिनमध्ये बंद असताना जेवण दाराशी पोचवणे, ताटे गोळा करणे हे काम कर्मचाऱ्यांकडे होते आणि त्यांची स्वतःची राहण्याची व्यवस्था दाटीची होती. सोळा भारतीयांना लागण झाली. २७ फेब्रुवारीला एअर इंडियाच्या विमानाने ११९ भारतीय मायदेशी परतले. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला 'तारवटी' म्हणतात आणि गोव्यातील अनेक घरांत एक तरी तारवटी असतो. जहाजावरील साथीची किंमत सर्वात आधी मोजतो तो हा माणूस. जानेवारी २०२२ मध्ये मुंबईहून गोव्याला गेलेल्या 'कॉर्डेलिया'च्या जहाजावर एक कर्मचारी करोनाबाधित आढळला. सुमारे दोन हजार जणांची चाचणी झाल्यावर ६६ जण बाधित निघाले आणि नववर्षाची सहल बंदराबाहेर ताटकळण्यात गेली.

लस हाच इथला मुख्य बचाव. फ्लूची लस निघण्यापूर्वी निदान दोन आठवडे घेतलेली असावी, कारण तिचे संरक्षण तयार व्हायला तेवढा अवधी लागतो. गोवर आणि कांजिण्यांची लस झाली आहे की नाही, हे तरुणांनीही तपासावे. २०१९ मध्ये एका कर्मचाऱ्याला झालेल्या गोवरामुळे कॅरिबियन समुद्रातील एक जहाज बंदरात रोखून धरले गेले होते. बंदरांवर उतरून रस्त्यावरचे खाणाऱ्यांसाठी विषमज्वर आणि 'हिपॅटायटिस ए'च्या लसींचा विचार डॉक्टरांशी बोलून करावा. आफ्रिका किंवा दक्षिण अमेरिकेतील काही देशांच्या सफरीत पीतज्वराच्या लसीचे पिवळे प्रमाणपत्र लागते. लस घेतल्यावर दहा दिवसांनी ते वैध होते आणि २०१६ पासून आयुष्यभर चालते. भारत या बाबतीत कडक आहे: बाधित देशातून प्रमाणपत्राशिवाय परतणाऱ्या प्रवाशाला सहा दिवसांपर्यंत विलग ठेवले जाऊ शकते. ही लस फक्त सरकारमान्य केंद्रांतच मिळते, तेव्हा शेवटच्या आठवड्यावर टाकू नये.

बोट लागणे

जुन्या कोकणबोटीने प्रवास केलेल्यांना 'बोट लागणे' म्हणजे काय हे सांगावे लागत नाही. मुंबई-गोवा बोटसेवा पूर्वी पावसाळ्यात बंद ठेवली जाई, त्यामागे खवळलेला अरबी समुद्र होता. आजच्या मोठ्या जहाजांना दोन्ही बाजूंस स्थिरता देणारे पंख असल्याने डोलणे बरेच कमी झाले आहे, नाहीसे झालेले नाही. डोळे सांगतात की केबिन स्थिर आहे आणि आतल्या कानातील तोल सांभाळणारे इंद्रिय सांगते की आपण हलतो आहोत. या विसंगतीतून मळमळ सुरू होते. यात भित्रेपणाचा काही संबंध नाही. अ‍ॅडमिरल नेल्सन आयुष्यभर समुद्रावर असूनही त्यांना बोट लागे आणि चार्ल्स डार्विन 'बीगल'वरील सफरीत या त्रासाने वारंवार आडवे होत.

ज्यांना एसटीतही गाडी लागते, त्यांनी केबिन निवडतानाच जहाजाच्या मध्यभागी आणि खालच्या मजल्यावर घ्यावी. तिथे हेलकावे सर्वात कमी जाणवतात. सर्वात वरच्या मजल्यावरची महागडी केबिन अशांना शिक्षाच ठरते. मळमळू लागल्यास मोकळ्या हवेत येऊन क्षितिजाकडे पाहावे. मोबाइल आणि पुस्तक दूर ठेवावे. रिकामे पोट आणि तट्ट भरलेले पोट दोन्ही वाईट. आल्याचा काहींना उपयोग होतो, तेव्हा आलेपाकाच्या वड्या जवळ ठेवायला हरकत नाही. प्रोमेथाझिन, सिनारिझिन, मेक्लिझिन यांसारखी औषधे त्रास सुरू होण्यापूर्वी घेतली तरच नीट काम करतात. त्यांनी झोप येते, मद्याबरोबर ती घेऊ नयेत आणि काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय त्यांतली काही मुळीच घेऊ नयेत.

औषधांची पिशवी आणि विमा

जहाजावर चढताना मोठ्या बॅगा कर्मचारी घेतात आणि त्या केबिनमध्ये पोचायला कित्येक तास लागतात. मधुमेह, रक्तदाब, थायरॉइडची औषधे त्या बॅगेत गेली तर संध्याकाळचा डोस चुकलाच. ती हातातल्या पिशवीत, मूळ वेष्टनात, चिठ्ठीसह आणि सफरीपेक्षा आठवडाभर जास्त पुरतील इतकी असावीत. इन्सुलिन घेणाऱ्यांनी घड्याळ पुढे-मागे होणार असेल तर वेळापत्रक आधीच ठरवून घ्यावे. चोवीस तास उघड्या भोजनकक्षाचा मोह मधुमेह्याला नोरोव्हायरसइतकाच त्रास देतो.

जहाजावरचा दवाखाना तातडीचे प्राथमिक उपचार करू शकतो. तो रुग्णालय नव्हे. हृदयविकाराचा झटका आल्यास रुग्णाला स्थिर करून पुढच्या बंदरात उतरवणे किंवा किनारा टप्प्यात असेल तर हेलिकॉप्टर मागवणे एवढेच पर्याय उरतात. त्याचा खर्च लाखांच्या घरात जातो. भारतात घेतलेली नेहमीची आरोग्य विमा पॉलिसी सहसा देशाबाहेरील उपचारांना लागू नसते. प्रवास विमा घेताना त्यात जहाजावरील उपचार आणि रुग्णाला हलवण्याचा खर्च धरला आहे का, हे लेखी पाहावे आणि जुने आजार दडवू नयेत. दावा फेटाळला जाण्याचे ते नेहमीचे कारण असते. जहाजाच्या दवाखान्यात बहुधा आधी बिल भरावे लागते आणि मग पावत्यांवर भरपाई मागावी लागते, म्हणून प्रत्येक कागद जपून ठेवावा.

गरम पाण्याच्या फेसाळ टबाविषयीही थोडे सांगायला हवे. कोमट, हवेचे बुडबुडे सुटणाऱ्या पाण्यात क्लोरीन लवकर उडून जाते आणि 'लिजिओनेला' नावाचा जिवाणू वाढतो. वाफेबरोबर तो फुप्फुसात गेला की तीव्र न्यूमोनिया होतो. १९९४ मध्ये 'होरायझन' जहाजाच्या अनेक सफरींवरील पन्नास प्रवाशांना असाच आजार झाल्याचे आढळले आणि २०२४ मध्ये सीडीसीने केबिनच्या सज्जातील खासगी टबांशी जोडलेले रुग्ण नोंदवले. साठी ओलांडलेल्यांनी, धूम्रपान करणाऱ्यांनी आणि प्रतिकारशक्ती कमी असलेल्यांनी हे टब टाळावेत. हा आजार माणसाकडून माणसाला सहसा लागत नाही. पण लागण झाल्यापासून लक्षणे दिसायला दोन आठवडेही लागू शकतात. घरी परतल्यावर दहाव्या दिवशी ताप आणि खोकला सुरू झाला, तर नेहमीच्या डॉक्टरांना क्रूझविषयी सांगावे. त्याची लघवीची एक सोपी चाचणी असते, पण ती मुद्दाम सांगितल्याशिवाय केली जात नाही.